खालच्या ट्रॅकवरचे श्वास

आमच्या धंद्यात किस्से शोधायला कुठे जावं लागत नाही, ते आपणहून कानात येऊन बसतात. अंधेरीतल्या एका जुन्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये, दुसऱ्या मजल्यावर, आमचा डबिंग स्टुडिओ आहे. काचेच्या पलीकडे बूथ, त्यात माईकसमोर आर्टिस्ट. काचेच्या अलीकडे कंट्रोल रूममध्ये मी, रेकॉर्डिंग इंजिनिअर, कानाला हेडफोन लावून. टेक संपला की आर्टिस्टला वाटतं, माईक बंद झाला. बंद कुठला होतोय! शिव्या, सुस्कारे, फोनवरची भांडणं, देवाला घातलेली साकडी, सगळं माझ्या कानात.

सत्तावीस वर्षं हेच करतोय. त्यामुळे चार माणसं जमली की कोणीतरी म्हणतंच, "परबकाका, एखादा किस्सा होऊन जाऊ दे." हसवणारे पुष्कळ आहेत माझ्याकडे, ते मी सांगतोही. आजचे जरा वेगळे आहेत. आणि यातल्या निम्म्या किश्शांत गाढव मीच आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

* * *

केतकी पहिल्यांदा आली तेव्हा वीस वर्षांची होती. मुलुंडची. कॉलेजात एकांकिका केलेल्या, बाकी अनुभव शून्य. आम्हाला मुलांच्या एका कार्टूनसाठी सशाचा आवाज हवा होता. हा ससा घाबरला की बडबडायला लागतो आणि थांबतच नाही. ऑडिशनला आम्ही मुद्दाम त्याची सगळ्यात वाईट ओळ देत होतो. मंडईतल्या सगळ्या भाज्यांची नावं, एका दमात! दुधी, दोडका, पडवळ, कारलं, अशी ती यादी पानभर जायची. भले भले आर्टिस्ट घेवड्यापाशी गळपटले होते.

केतकीने एक श्वास घेतला आणि सुटली. शेवटची भाजी संपली तरी थांबेना. कागद संपला म्हणून स्वतःच्या मनाने फळं सुरू केली!

आमच्या डायरेक्टर शुभदा मॅडम कधी कोणाचं तोंडावर कौतुक करत नाहीत. त्यांनी बूथमध्ये आवाज पोचवणारं टॉकबॅकचं बटण दाबलं आणि म्हणाल्या, "बाई गं, आता श्वास घे. आम्हाला इथे टेन्शन आलंय."

ससा तिला मिळाला. मला ती काका म्हणायला लागली आणि मला ते फार आवडलं, खोटं कशाला बोलू? मला मुलगी नाही.

* * *

दोनेक वर्षांनी तिच्या हातात एक छोटं यंत्र दिसायला लागलं. हायलायटर पेनाएवढं, फिकट निळं. दोन टेकच्या मध्ये ती ते ओठांना लावायची, ओढायची आणि थोडीशी वाफ सोडायची. पुदिन्याचा वास यायचा.

आता बघा, आमच्याकडे गळा म्हणजे सगळं. गळा बसला की काम बसलं. पँट्रीत वाफ घ्यायचं मशीन कायम लावलेलं, बाजूला निलगिरीच्या तेलाची बाटली. त्यामुळे मला वाटलं, नवीन निघालं असेल काहीतरी, खिशात मावणारं. मी इतका खूश झालो की काय सांगू! बाहेर बसलेल्या ओंकारला बोललो, "शिक जरा! बघ ती पोरगी गळ्याला किती जपते."

ओंकार म्हणजे आमचा कोल्हा. बोरिवलीचा, तेव्हा चोविसाचा असेल, कार्टूनमध्ये सशाच्या मागे लागणाऱ्या कोल्ह्याचा आवाज त्याचा. तो शांतपणे म्हणाला, "हो ना काका. मी पण जपतो की," आणि खिशातून स्वतःचं यंत्र काढून दाखवलं. सगळी पोरं हसली. मी पण हसलो. का हसलो ते मला माहीत नव्हतं.

इथवर ठीक होतं. पण त्याच आठवड्यात केतकीची आई तिचा विसरलेला डबा द्यायला आली. मुलुंडला बालवाडीत शिकवतात त्या, बोलणं एकदम मऊ. मी आपणहून त्यांना सांगितलं, "वहिनी, तुम्ही अजिबात काळजी करू नका. आवाजाला एवढी जपणारी मुलगी मी बघितली नाही. वाफेचं मशीन सतत जवळ असतं तिच्या!"

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं हो. "तुमच्यासारखी माणसं आहेत तिच्या आजूबाजूला, म्हणून मला घरी झोप लागते," म्हणाल्या.

केतकी त्यांच्या मागेच उभी होती. 

* * *

शेवटी ओंकारलाच माझी दया आली. "काका, ते वेप आहे. ई-सिगरेट. निकोटिन असतं त्यात."

मला राग आला की आईची मालवणी तोंडात येते. म्हटलं, "मेल्या, ओढूचीच हा तर सरळ सिगरेट ओढ मां! ह्या पेनात काय ठेवलंहा?"

ओंकारने बोटं मोजत मला समजावलं. सिगरेट ओढायची तर लिफ्टने खाली जा. वॉचमन गेटच्या बाहेर हाकलतो. ओढा, तोंड धुवा, च्युइंगगम चघळा, वर या. पंधरा मिनिटं गेली, तोवर मॅडमनी आपला सीन दुसऱ्याला दिलेला. घरी शर्टाला वास. आई शर्ट हुंगूनच धुवायला टाकते. हे मात्र बूथमध्ये दहा सेकंदांत होतं, ना धूर, ना राख, ना वास.

"आणि खरं सांगू काका? सिगरेट ओढली की वाटतं, यार, आपण काहीतरी वाईट करतोय. याच्यात तसं वाटतच नाही."

"मग हा फायदा की तोटा?" मी विचारलं.

त्याने हातातलं यंत्र उलटसुलट करून बघितलं. मग म्हणाला, "तेच ना काका."

* * *

डिसेंबरात एकदा क्लायंटकडचे एक गृहस्थ आले. कंट्रोल रूममध्ये पाऊल टाकलं आणि नाक वर केलं. "अरे वा, आंबे! या दिवसांत कुठून मिळाले?"

खोलीभर हापूसचा वास होता. सगळी पोरं स्क्रिप्टमध्ये मुंड्या घालून बसली. मॅडम म्हणाल्या, "रूम फ्रेशनर आहे." ते गृहस्थ गेल्यावर मॅडमच्या तोंडाचा जो पट्टा सुटला! या गोष्टींवर देशात बंदी आहे, उद्या कोणी तक्रार केली तर स्टुडिओला कुलूप लागेल, तुम्हाला लाजा वाटतात का, वगैरे वगैरे.

दुसऱ्या दिवशी दाराशी स्टीलचा डबा आला. आत शिरताना ज्याचं त्याने यंत्र त्यात टाकायचं. पाच आर्टिस्ट होते, डब्यात सात निघाली. मॅडम नुसत्या त्या डब्याकडे बघत राहिल्या.

त्या दिवशी केतकीचं सेशन होतं. पहिला अर्धा तास झकास गेला. मग माईकवर खरखर यायला लागली. मी म्हटलं, "केतकी, स्क्रिप्ट हातात नको धरू, कागद वाजतोय. स्टँडवर ठेव." तिने ठेवलं. मग स्टँड वाजायला लागला. "स्टँडला हात नको लावू." तिने हात काढले. मग ओढणीचं टोक कुठेतरी घासायला लागलं.

"अगं, करतेयस काय?" मी वैतागून विचारलं.

"काही नाही काका. सॉरी." तिने दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत घट्ट अडकवले. ती बाजूला वळली तेव्हा काचेतून मला ते दिसले. थरथरत होते.

मॅडमनाही दिसले. त्या उठल्या, बाहेर गेल्या आणि ते फिकट निळं यंत्र घेऊन परत आल्या. बूथचं दार उघडून तिच्या हातात दिलं. "घे बाई. एपिसोड आज जायचाय."

तो डबा नंतर पँट्रीत गेला. आता त्यात साखर असते.

* * *

एकदा ओंकार यायचा होता, आम्ही दोघंच होतो. केतकी बूथमध्ये, मी बाहेर. मी टॉकबॅकवर विचारलं, "का गं ओढतेस?"

"सवय."

"लागली कशी पण?"

मग सांगायला लागली. अंधेरीत कुठेतरी ऑडिशनला गेली होती. चाळीस मुली, सगळ्यांचे केस मोकळे, सगळ्यांच्या हातात तोच कागद. कोणी कोणाशी बोलत नव्हतं. शेजारच्या मुलीने आपलं यंत्र पुढे केलं, "ट्राय करतेस?" स्ट्रॉबेरीचं होतं म्हणे. "चार तासांत माझ्याशी कोणी बोललं असेल तर ती एकटी, काका. नाही कसं म्हणणार?"

"बरं, ते एक दिवसाचं. रोज कशाला?"

तिने ते निळं यंत्र ओठांवरून खाली घेतलं. "घरी गेले की आई विचारते, पर्मनंट नोकरी कधी बघणार. बाबा विचारतात, सशाचं काम किती दिवस चालणार. मावशी फोन करून लग्नाचं विचारते. इथे आले की मॅडम विचारतात, आज जमेल ना. हे तोंडात असतं ना, तेवढा वेळ मला कोणी काही विचारत नाही."

"मी विचारतोय की."

"म्हणून तर तोंडातून काढलं," ती म्हणाली.

यावर एखाद्या शहाण्या माणसाने काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, "चल, पुढचा सीन घेऊया." अजून आठवलं की स्वतःचाच राग येतो.

* * *

आता माझी करणी ऐका.

दोन वाक्यांच्या मध्ये माणूस श्वास घेतो, तो माईकवर येतो. जास्त आला तर आम्ही इंजिनिअर तो कापतो. हे सगळेच करतात, यात काही पाप नाही. सुरुवातीला केतकीचं कापायला काही नसायचंच. मग सशाची लांब ओळ ती दोन दमांत घ्यायला लागली. मग तीन. मग चार. आणि श्वासाच्या शेवटी एक बारीक शिट्टी ऐकू यायला लागली, हेडफोन लावल्याशिवाय कळणार नाही अशी.

मला ऐकू येत होती. रोज.

मी काय केलं? कापलं! श्वास उचलायचा आणि खालच्या ट्रॅकवर, म्हणजे स्क्रीनवरच्या खालच्या पट्टीवर, टाकायचा. फेकायचा नाही, कारण मॅडमनी उद्या परत मागितला तर हवा. मग वर तिच्या आवाजाचे उरलेले तुकडे असे जोडायचे की सांधा सापडू नये. खालचा ट्रॅक बंद ठेवून फायनल द्यायचं. ऐकणाऱ्याला वाटणार, या पोरीला दम लागतच नाही.

मॅडम म्हणायच्या, "परब, हात आहे की काय आहे तुमचा!" मी फुगायचो. केतकी फायनल ऐकायला येऊन बसायची. भाज्यांसारखी एखादी ओळ सरळ शेवटपर्यंत गेली की डोळे मोठे करायची. "काका, हे मी एका दमात घेतलं?"

"मग!" मी म्हणायचो.

तिला बरं वाटायचं, मला बरं वाटायचं. असं मी दीड वर्ष स्वतःला सांगत होतो.

* * *

यंदा पावसाळ्यानंतर तिला एक मोठं काम यायचं होतं. गोरेगावच्या एका स्टुडिओत, तीनशे पानांची अख्खी कादंबरी वाचायची. ससा नाही, कोल्हा नाही, तिचा स्वतःचा आवाज आणि सुरुवातीला तिचं नाव. महिनाभर दुसरं काही बोलत नव्हती. "काका, सशासारखं बोलून बोलून माझा आवाज कसा आहे तेच मी विसरलेय. हे काम मिळालं ना, तर बाबांना पण कळेल मी काय करते."

दोन फेऱ्यांत निवडली गेली. तिसऱ्या फेरीत एक प्रकरण सलग वाचायचं होतं, न थांबता, न कापता. तिने वाचलं. तिथल्या इंजिनिअरने अगदी नम्रपणे विचारलं, "ताई, तुम्हाला आज बरं नाहीये का? श्वास फार येतोय."

काम दुसरीला गेलं.

तिथून ती तडक आमच्याकडे आली. तोंड लाल झालेलं, जिना चढून आल्यामुळे धाप लागलेली. "त्यांचा माईक फालतू आहे, काका! इतकी वर्षं मी इथे बोलतेय. तुमच्याकडे आला का कधी माझा श्वास?"

मी कन्सोलची बटणं पुसत होतो. पुसतच राहिलो.

"काका?"

मग सांगितलं. सगळं. वरचा ट्रॅक, खालचा ट्रॅक, शिट्टी.

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं."

"आणि मला एकदाही सांगितलं नाहीत?"

"तुला वाईट वाटलं असतं गं."

"आता काय वाटतंय मला?"

मी म्हटलं, "सगळे आहेत अजून खाली ठेवलेले. ऐकायचे असतील तर..." "नको!" म्हणाली आणि गेली.

पुढचे तीन आठवडे सेशनला येत होती. वेळेवर यायची, काम करायची, जायची. ते निळं यंत्र हातात होतंच, उलट जास्तच. मला मात्र "परब सर" म्हणायला लागली. सत्तावीस वर्षांत मला कोणी सर म्हटलं नव्हतं. म्हणू पण नये कोणी.

* * *

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा असते. मॅडम सगळ्यांच्या घरच्यांना बोलावतात. माईकला झेंडूची माळ, कन्सोलला हळदकुंकू आणि माझे हेडफोन चौरंगावर, नारळाच्या बाजूला. एकदा पूजेत मांडलेली वस्तू दुसऱ्या दिवसापर्यंत उचलायची नाही, हा मॅडमचा कडक नियम. कॉम्प्युटर आणि दोन मोठे स्पीकर तेवढे सुटतात, कारण आरती त्यांच्यावर लावायची असते.

आरती झाली. सगळे पँट्रीत शिऱ्याकडे वळले. मी स्पीकर बंद करायला मागे राहिलो होतो. बूथमध्ये दिवा नव्हता, आज रेकॉर्डिंगच नव्हतं. केतकी कंट्रोल रूममध्ये आली आणि दार लोटून घेतलं.

"काका," ती म्हणाली. तीन आठवड्यांनी. "ऐकवा ते."

"आत्ता? अगं, हेडफोन पूजेत आहेत."

"स्पीकरवर लावा. आत्ता नाही लावलंत तर मी परत नाही म्हणेन."

मी सशाचा नुकताच केलेला एपिसोड उघडला. वरचा ट्रॅक, म्हणजे तिचा आवाज, बंद केला. खालचा सुरू केला आणि प्ले दाबलं.

शब्द नाहीत, काही नाही. नुसते श्वास. एक आला. मग थोडी शांतता. मग दुसरा, खोल ओढलेला, शेवटी ती बारीक शिट्टी. त्या स्पीकरवर ती काही बारीक नव्हती. मग लागोपाठ तीन, घाईघाईने. मग एक खोकला, तोंडावर हात दाबून धरलेला. परत शांतता. परत श्वास.

केतकी खुर्चीत बसली नाही. माझ्या बाजूला उभी राहून स्पीकरकडे बघत होती. दोन-तीन मिनिटांनी मलाच ऐकवेना, मी बंद करायला हात पुढे केला. तिने माझं मनगट धरलं. तिची बोटं गार पडली होती.

तेवढ्यात दार उघडलं. तिची आई. एका हातात शिऱ्याची वाटी, दुसऱ्या हातात पाण्याचा ग्लास.

"इथे आहेस होय गं? प्रसाद घे आधी, मग..." आणि त्या थांबल्या. ऐकायला लागल्या. स्पीकरवर पुन्हा तीन श्वास आले, एकामागून एक. त्यांनी माझ्याकडे बघितलं, केतकीकडे बघितलं, मग काचेपलीकडच्या अंधाऱ्या बूथकडे. हातातली वाटी कन्सोलवर ठेवून काचेला कपाळ लावून आत वाकून बघायला लागल्या.

"परबदादा, आत कोण आजी आहेत हो?" त्यांनी विचारलं. "किती धाप लागलीय त्यांना! आणि तुम्ही दोघं नुसते उभे काय राहिलात?"

 केतकीने माझं मनगट सोडलं नव्हतं. स्पीकरवर आणखी एक श्वास आला, शिट्टीसकट.

"थांबा हो आजी, आले मी," म्हणत त्या पाण्याचा ग्लास घेऊन बूथच्या दाराकडे निघाल्या.